बिनतारी तापमापकाची साक्ष

मांस मंद आचेवर आणि लाकडाच्या धुरात तासन्‌तास शिजविण्याची जी पद्धत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत, ‘बार्बेक्यू’ या नावाने रूढ आहे, तिच्यात गेल्या काही वर्षांत बिनतारी तापमापकाला महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे. मांसात खुपसलेली धातूची शलाका आतील तापमान मोजते, आणि ते रेडिओलहरींच्या द्वारे घरात बसलेल्या आचाऱ्याच्या हातातील पडद्यावर उमटते. हे उपकरण कितपत विश्वसनीय आहे, असा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा एका आकड्यात दिले जाते: अमुक उपकरणाची चूक एक अंशाची, तमुकाची अर्ध्या अंशाची. हे उत्तर खोटे नसते. परंतु ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. अचूकता हा मोजणाऱ्याचा गुण होय. विश्वसनीयता हा सांगणाऱ्याचा गुण होय. बिनतारी तापमापक मोजतोही आणि सांगतोही. आणि अनुभव असा की त्याच्या हातून घडणारे गंभीर प्रमाद मोजण्यात जितके होतात, त्याहून अधिक सांगण्यात होतात. पाकशास्त्रातील हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकासही विचारार्ह वाटावा, याचे कारण हेच.

प्रथम या पाकक्रियेचे स्वरूप थोडक्यात पाहिले पाहिजे. ‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांतील ताइनो लोकांच्या भाषेतून ‘बार्बाकोआ’ या रूपाने स्पॅनिशमध्ये व तेथून इंग्रजीत आला. मूळ अर्थ लाकडी काठ्यांचा उंच मांडव, ज्यावर मांस ठेवून खाली जाळ करीत. आज टेक्सस राज्याच्या मध्यभागात या नावाखाली प्रामुख्याने ब्रिस्केट, म्हणजे बैलाच्या छातीकडील मांसाचा पाचसहा किलोंचा तुकडा, शिजविला जातो. कॅरोलायना राज्यांत हाच मान डुकराच्या खांद्याकडे जातो. हे दोन्ही भाग जनावराच्या हालचालीत सतत राबणारे, म्हणून चिवट. त्यांतील कोलॅजेन या तंतुमय द्रव्याचे मऊ जिलेटिनमध्ये रूपांतर व्हावे लागते, आणि हे रूपांतर उष्णतेइतकेच वेळेवरही अवलंबून असते. म्हणून भट्टीतील हवा १०७ ते १२१ अंश सेल्सिअस (अमेरिकन आचाऱ्यांच्या भाषेत २२५ ते २५० अंश फॅरनहाइट) एवढीच तापवावयाची आणि मांसाचा गाभा हळूहळू ९५ अंशांच्या आसपास न्यावयाचा, असा परिपाठ आहे. त्यास दहाबारा तास, कधी त्याहून अधिक लागतात. पुष्कळदा विस्तव रात्री पेटविला जातो आणि आचारी झोपी जातो. तो झोपू शकतो, ते उशाशी ठेवलेल्या ग्राहकयंत्राच्या भरवशावर.

हा भरवसा कोणत्या जातीचा आहे? भट्टीचे झाकण उघडून मांसाला हात लावणारा आचारी प्रत्यक्ष प्रमाणावर चालतो. पडद्यावरील आकडा वाचणारा आचारी दुसऱ्याच्या सांगण्यावर चालतो. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली, आणि शब्द प्रमाण ठरण्यासाठी तो आप्ताचा असावा अशी अट घातली. आप्त कोण, याविषयी वात्स्यायनाच्या भाष्यातील विवेचनाचा आशय असा की, ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्यास कळावी या इच्छेने जो बोलण्यास प्रवृत्त होतो, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही भाष्यकार सांगतो. यंत्राची गणना त्याने केली नाही, एवढेच. परंतु ही कसोटी यंत्राला लावून पाहिली असता प्रश्नाची उकल चांगली होते. शलाकेने मांसाचे तापमान खरोखर जाणले आहे काय, हा एक भाग. जाणलेले जसेच्या तसे पोचले काय, हा दुसरा. यंत्राला स्वतःची इच्छा नसते हे उघड आहे. पण न कळलेल्या गोष्टीविषयी गप्प बसावयाचे की जुनेच बोलत राहावयाचे, हे उपकरण घडविणाऱ्याने आधीच ठरविलेले असते, आणि यंत्राची म्हणून जी काही इच्छा म्हणता येईल ती हीच.

जाणण्याच्या बाजूचा विचार आधी करू जाता, बहुतेक घरगुती उपकरणांच्या शलाकेच्या टोकाशी थर्मिस्टर नावाचा लहानसा मणी असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध घटतो. मायकेल फॅरडे याने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडच्या बाबतीत हा गुणधर्म नोंदविला होता. अधिक महागड्या उपकरणांत याऐवजी दोन भिन्न धातूंच्या सांध्यात निर्माण होणारा सूक्ष्म विद्युद्दाब मोजतात. त्याचे मूळ १८२१ मधील झेबेक याच्या शोधात आहे. दोन्ही रीती उत्तम आहेत, आणि चांगल्या उपकरणात एक अंशाच्या आसपासची अचूकता सहज साधते. तिची पारख घरीही करता येते. बर्फाचा चुरा पेलाभर घेऊन त्यात थोडेसे पाणी घालावे, ढवळावे, आणि शलाकेचे टोक पेल्याच्या भिंतीला वा तळाला न लागेल अशा बेताने मध्ये धरावे. आकडा शून्यावर आला पाहिजे. उकळत्या पाण्याची कसोटी मात्र जपून वापरावयास हवी, कारण समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतसा उत्कलनबिंदू खाली येतो. सुमारे १६०० मीटर उंचीवरील डेन्व्हर शहरात पाणी ९५ अंशांच्या सुमारासच उकळते. तेथे शंभर अंशांचा हट्ट धरणारा मनुष्य बिनचूक शलाकेला खोटी ठरवील.

परंतु खुद्द मण्याची चूक एका अंशाची असताना शलाका खुपसण्याच्या जागेची चूक दहा अंशांची होऊ शकते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मांस उष्णतेचे मंद वाहक आहे. त्याचा पृष्ठभाग व गाभा यांच्या तापमानात शिजण्याच्या मधल्या काळात मोठे अंतर असते, आणि टोक गाभ्यापासून दोन बोटे सरकले तरी आकडा पार बदलतो. ब्रिस्केटमध्ये तर दोन वेगळे स्नायू एकावर एक असतात व त्यांच्यामध्ये चरबीचा थर असतो. त्या चरबीत रुतलेली शलाका मांसाविषयी काहीच सांगत नाही. डुकराच्या खांद्यात हाडाला टेकलेले टोक असाच दिशाभूल करणारा आकडा देते. अशा वेळी उपकरण खोटे बोलत नाही. जेथे ते आहे तेथील तापमान ते सांगते; त्या वाक्याचा कर्ता कोण, हे ऐकणाऱ्याने चुकीचे गृहीत धरलेले असते.

मात्र एक दोष असा आहे की ज्यात शलाका खरोखरच खोटे बोलते, आणि तेही धोक्याच्या दिशेने. तारेच्या शलाकेत धातूची जाळीदार वेष्टित तार जेथे नळीत शिरते, त्या सांध्यातून धुताना पाणी आत झिरपते. ओलाव्यामुळे विजेला थर्मिस्टरच्या जोडीने आणखी एक वाट मिळते, एकूण रोध घटतो, आणि रोध घटला म्हणजे तापमान वाढले असा उपकरणाचा समज असल्याने आकडा वास्तवाहून वर जातो. तार तुटली असती तर पडद्यावर नुसत्या रेघा आल्या असत्या आणि आचारी सावध झाला असता. येथे मात्र भरवशाचा वाटणारा आकडा दिसतो. ब्रिस्केटच्या बाबतीत याचा परिणाम इतकाच की मांस चिवट राहते. कोंबडीच्या बाबतीत गोष्ट निराळी. अमेरिकेच्या कृषिखात्याने कोंबडीसाठी ७४ अंश सेल्सिअस (१६५ फॅरनहाइट), खिम्यासाठी ७१, आणि गोमांस व डुकराचे मांस यांच्या अखंड तुकड्यांसाठी ६३ अंश व त्यानंतर तीन मिनिटांची विश्रांती अशा किमान मर्यादा घालून दिल्या आहेत. मंद धुरावरील कोंबडी बाहेरून तांबूस व तुकतुकीत दिसते, धुराच्या परिणामाने तिचे शिजलेले मांसही गुलाबी राहते. म्हणजे डोळ्यांची साक्ष येथे आधीच बाद झालेली असते. पडद्यावर ७४ दिसत असताना आत ६० असेल, तर साल्मोनेला जंतूंचा उपसर्ग प्रत्यक्ष संभवतो. म्हणून बर्फाच्या पेल्याची कसोटी नव्या उपकरणापेक्षा वर्षभर वापरलेल्या व अनेकदा धुतलेल्या शलाकेला अधिक आवश्यक आहे.

येथे ‘बिनतारी’ या शब्दाकडेही पाहावयास हवे. हा शब्द वस्तूचे वर्णन तिच्यात जे नाही त्यावरून करतो, आणि अशा शब्दांचा दोष असा की, नेमके कोठे नाही हे ते सांगत नाहीत. वर वर्णिलेल्या उपकरणात तार आहेच. ती मांसापासून भट्टीच्या फटीतून बाहेर येते आणि बाहेर ठेवलेल्या प्रेषकाला मिळते. तारेवाचूनचा प्रवास प्रेषकापासून पुढे सुरू होतो. याउलट अलीकडील दुसऱ्या जातीत तार मुळीच नसते. बोटाहून लांब अशा एकाच शलाकेत मणी, विद्युतघट, प्रेषक आणि अँटेना ही सर्व सामग्री कोंबलेली असते आणि ती शलाका भट्टीच्या आतच राहते. आता विद्युतघट व सूक्ष्ममंडले भट्टीतील उष्णता सोसू शकत नाहीत. म्हणून ती टोकाकडील भागात ठेवतात, आणि शलाकेवर कोरलेल्या रेषेपर्यंत ती मांसात गेलीच पाहिजे अशी सूचना असते. ओले मांस शंभर अंशांच्या वर जात नाही, या आधारावर ही रचना उभी आहे: ज्याचे तापमान मोजावयाचे तेच मोजणाऱ्याचे रक्षण करते. पातळ तुकड्यात शलाका अर्धवट बाहेर राहिली की हा करार मोडतो.

या एकजीव शलाकेच्या बाहेरच्या टोकाशी भट्टीतील हवेचे तापमान मोजणारा दुसरा मणी असतो. त्याच्या सांगण्याविषयी बरीच तक्रार ऐकू येते, आणि ती सकारण आहे. थंड, ओल्या मांसाच्या लगत बाष्पाचा गार थर असतो व हा मणी त्या थरात किंवा त्याच्या काठावर येतो. त्यामुळे पहिल्या काही तासांत तो भट्टीचे तापमान पुष्कळच कमी सांगतो. भट्टीच्या झाकणावरील तबकडी वर, गरम हवेत असते, म्हणून ती बहुधा अधिक सांगते. दोघांचा वाद लावून आचारी एकाला खोटे ठरवितो. वस्तुतः दोघेही आपापल्या जागेविषयी खरे बोलत असतात.

यानंतर पोचविण्याची बाजू. भट्टी बहुधा पोलादाची असते आणि धातूची बंद पेटी रेडिओलहरींना अडविते. झाकणाच्या व दारांच्या फटींतून जे निसटते तेवढ्यावरच एकजीव शलाकेचा निर्वाह चालतो. शिवाय या शलाका ज्या ब्लूटूथ पद्धतीने बोलतात (दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हाराल्ड याच्या टोपणनावावरून तिला हे नाव पडले) तिच्या लहरींची वारंवारता २४०० मेगाहर्ट्‌झच्या किंचित वर आहे. सूक्ष्मलहरींच्या घरगुती चुलीही याच पट्ट्यात चालतात. पाणी या लहरी शोषून घेते, आणि मांसाचा मोठा हिस्सा पाणीच असल्याने शलाकेची अँटेना मांसाबाहेर राहील अशी योजना करावी लागते. तारेच्या शलाकेची जुनी उपकरणे ४३३ मेगाहर्ट्‌झ वा तत्सम कमी वारंवारता वापरतात. त्या लहरी भिंतींतून अधिक सहज जातात, आणि प्रेषकही पेटीच्या बाहेर असतो. उत्पादकांनी छापलेले शंभर मीटरांचे अंतर मोकळ्या मैदानातील असते. पोलादी भट्टी, विटांची भिंत आणि मध्ये उभी असलेली माणसे, ज्यांच्या देहातही पाणीच अधिक, अशा अडथळ्यांतून त्याचा दशांश हाती लागला तरी नवल मानू नये.

तथापि या सर्व अडथळ्यांमुळे आकडा बिघडत नाही, ही गोष्ट मुद्दाम सांगावयास हवी, कारण गैरसमज येथेच आहे. संदेश अंकरूपाने जातो व त्याच्या शेवटी पडताळणीचे अंक जोडलेले असतात. ब्लूटूथच्या कमी ऊर्जेच्या प्रकारात ते चोवीस द्व्यंकांचे असतात. वाटेत काही बिघडले तर पडताळा जमत नाही आणि ग्राहकयंत्र तो संदेश टाकून देते. बोलण्यात जसे एका ध्वनीऐवजी दुसरा ऐकू येऊन ‘दार’चे ‘धार’ होते, तसे येथे ७४ चे ४७ होत नाही. मार्गातील दोष संदेश विकृत करीत नाहीत. ते त्याला नाहीसा करतात. मग पडद्यावर काय राहते? काही उपकरणांत रेघा. पुष्कळांत मात्र शेवटचा आलेला आकडाच, जसा होता तसा, त्याच ठसठशीत अंकांत.

हा उरलेला आकडा किती फसवा ठरतो, हे या पाकक्रियेच्या एका विलक्षण टप्प्यामुळे स्पष्ट होते. मांसाचे तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कोठेतरी आले की ते चढेनासे होते. एक तास, दोन तास, कधी चारपाच तास ते तेथेच राहते. आचारी याला ‘स्टॉल’ म्हणतात. मराठीत ‘मुक्काम’ म्हणता येईल. पूर्वी याचे कारण कोलॅजेनच्या वितळण्यात वा चरबीच्या पाझरण्यात शोधीत. २०१० च्या सुमारास ग्रेग ब्लाँडर या भौतिकशास्त्रज्ञाने पाण्याने भिजविलेला स्पंज व चरबीचा गोळा भट्टीत तापवून पाहिले. चरबीचे तापमान न थांबता चढत गेले. स्पंजाने मात्र मुक्काम केला. ज्यात कोलॅजेनही नाही आणि चरबीही नाही अशा वस्तूने मुक्काम करावा, यावरून कारण बाष्पीभवन हेच, हे सिद्ध झाले. मातीच्या माठात पाणी गार राहते त्याच न्यायाने मांसाच्या पृष्ठभागावरील पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते, आणि भट्टीतून येणारी उष्णता व वाफेबरोबर जाणारी उष्णता यांचा मेळ बसला की तापमान ठप्प होते. म्हणूनच मांस कागदात वा धातूच्या पातळ पत्र्यात गुंडाळले की मुक्काम संपतो.

आता पहाटे तीन वाजता जाग आलेल्या आचाऱ्याची स्थिती पाहावी. पडद्यावर ६८ आहे. अर्ध्या तासापूर्वीही ६८ होता. या एकाच विधानाचे दोन अर्थ संभवतात: मांस मुक्कामाला आहे, किंवा संदेश तुटला आहे. पहिल्या अर्थाने पाहता सर्व काही यथास्थित आहे आणि पुन्हा झोपावे. दुसऱ्या अर्थाने पाहता विस्तव केव्हाच विझला असेल, आणि मांस जंतूंच्या वाढीला पोषक अशा ४ ते ६० अंशांच्या पट्ट्याकडे उतरत असेल. भाषेत अनेकार्थी शब्दाचा निर्णय संदर्भावरून लागतो. शब्द स्वतः निर्णय देत नाही. येथेही तसेच आहे. तो संदर्भ बहुधा भट्टीतील हवेच्या आकड्यात मिळतो. लाकडाचा वा कोळशाचा विस्तव कधीही स्थिर नसतो, आणि हवेचे तापमान सतत दोनचार अंश खाली-वर होत राहते. मांसाचा आकडा थांबला आहे आणि हवेचा हलतो आहे, तर मुक्काम. दोन्ही आकडे गोठले आहेत, तर साक्षीदार बोलावयाचा थांबला आहे. हवेचे तापमान चुकीचे सांगतो म्हणून वर ज्या मण्याची तक्रार आली, त्याचा हा उपयोग मोठा आहे: त्याचा आकडा खरा नसला तरी त्याचे हलणे खरे असते. ज्या उपकरणात एकच मणी आहे, त्याने निदान शेवटचा संदेश किती वाजता आला हे दाखविले पाहिजे. अर्ध्या अंशाच्या अचूकतेसाठी जादा पैसे मोजणारे ग्राहक या वेळेच्या नोंदीविषयी क्वचितच विचारतात, हे नवल म्हटले पाहिजे.

घंटेच्या सूचनेचाही विचार याच अंगाने करावा लागतो. विशिष्ट तापमान आले की घंटा वाजावी अशी सोय सर्वत्र असते. तिच्या न वाजण्याचा अर्थ ‘अजून वेळ आहे’ असा घेतला जातो. परंतु संदेश तुटल्यासही ती वाजत नाही. दूरध्वनियंत्राने विजेची बचत करण्यासाठी ती कार्यप्रणाली झोपवून टाकल्यासही वाजत नाही. आणि संदेश आंतरजालावरील दूरच्या संगणकावरून फिरून येत असेल, तर घरातील जोडणी गेल्यासही वाजत नाही. मौनाला एकच अर्थ देणे हे व्यवहारात जितके घातक, तितकेच येथेही. म्हणून संपर्क तुटल्याबरोबर वेगळ्या स्वराची घंटा वाजविणारे उपकरण, मग त्याची अचूकता जराशी कमी का असेना, रात्रीच्या कामासाठी श्रेष्ठ मानावे.

अलीकडील उपकरणे आणखी एक गोष्ट सांगतात: मांस तयार होण्यास किती वेळ उरला आहे. हे शब्दप्रमाण नव्हे. आतापर्यंतच्या चढावरून पुढील चढाविषयी बांधलेले ते अनुमान आहे, आणि मुक्कामाच्या वेळी त्याचा आधारच कोसळतो. उरलेला वेळ दोन तासांवरून एकाएकी सहा तासांवर जातो आणि गुंडाळताच पुन्हा घटतो. अनुमान करण्यास हरकत नाही. आक्षेप आहे तो ते मोजलेल्या आकड्याच्या शेजारी, त्याच अक्षरांत, त्याच निश्चयाने छापण्यास. मराठीत ऐकीव गोष्ट सांगताना मनुष्य ‘म्हणे’ हा शब्द जोडतो आणि पाहिलेल्यापासून ती वेगळी करतो. कित्येक भाषांत तर हा भेद क्रियापदाच्या प्रत्ययानेच दाखवावा लागतो. पडद्याच्या भाषेत असा प्रत्यय अद्याप रूढ झालेला नाही.

अनुभवी आचारी या सर्वांवर जो उपाय करतात तो साधा आहे. बिनतारी शलाका रात्रभर कल सांगण्यासाठी ठेवावयाची, आणि शेवटचा निर्णय हातात धरावयाच्या, दोनतीन सेकंदांत आकडा देणाऱ्या वेगळ्या तापमापकाने चारपाच ठिकाणी टोचून घ्यावयाचा. ब्रिस्केटच्या बाबतीत ते आणखी एक पायरी पुढे जातात. ९३ अंशांना एखादा तुकडा तयार असतो, दुसऱ्याला ९७ लागतात, कारण जनावर, वय आणि चरबी यांप्रमाणे कोलॅजेनचा हिशेब बदलतो. म्हणून ते आकडा पाहतात आणि त्याच वेळी शलाका आत जाताना हाताला किती अडते हेही पाहतात. ती मऊ लोण्यात जावी तशी गेली, की मांस उतरवून गुंडाळतात आणि जाड भिंतींच्या पेटीत, ६० अंशांच्या खाली जाऊ न देता, दोनतीन तास मुरू देतात.